जोडीचं म्यान

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर, कडुनिंबाखाली, दादाजीचं दुकान. दुकान म्हणायचं आपलं. एक लाकडी पेटी, वर ताडपत्री, खाली बसायला पोतं. बाप होता तोवर दोघांनी मिळून गावोगावचे जोडे शिवले. मग रबरी चपलांचे ढीग हातगाड्यांवर आले आणि दादाजीच्या नशिबी उरली ती नुसती दुरुस्ती. तळवे घाल, अंगठा शिव, शाळेच्या बॅगेची चेन बसव. नवं काही बनवून द्या असं म्हणणारं माणूस वीस वर्षांत त्याच्यापुढे उभं राहिलं नव्हतं.

आणि गुरुवारी सकाळी ते राहिलं. खाकी वर्दीतली पोरगी होती, दिव्यानी नावाची, नवी वनरक्षक. तिनं पिशवीतून पोत्याचं गाठोडं काढलं, त्याची दोरी सोडली आणि हातभर लांबीचा सुरा पेटीवर ठेवला. जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहारानं घडवलेला, पुढे जरा वाकलेला, झकास धारेचा.

"भाऊ, याले चामड्याचं म्यान बनवून द्याल का? पट्ट्यात घालता येईल असं?"

दादाजीच्या हातातली आरी तिथंच थांबली. "म्यान? मी?"

"तुमीच. दुसरं कोण करते इथी?"

मग तिनं सांगितलं. जंगलातल्या आपल्या बीटवर फिरताना सुरा पोत्यात गुंडाळून न्यावा लागतो. परवा पोतं फाडून मांडीतच घुसला. तेही चाललं असतं. पण मागच्या महिन्यात नायलॉनच्या फासात चितळाचं पिल्लू अडकलेलं दिसलं. "मी पोत्याची गाठ सोडून राह्यली होती, अन् ते माह्यासमोर तडफडून मेलं, भाऊ. एका झटक्यात सुरा निघाला असता तं वाचलं असतं."

सोमवारी सकाळी सातला जीप इथूनच निघणार होती, आठ दिवसांच्या गस्तीला. त्याआधी म्यान हवं. सुरा ठेवून जाणं शक्य नव्हतं, तो रोज लागायचा. तेव्हा दादाजीनं जुनं वर्तमानपत्र पसरलं, तिनं सुरा त्यावर ठेवून पेनानं भोवती रेघ मारली, खाली मोबाइल नंबर लिहिला. लिहिता लिहिता शाई तिच्या तळहाताच्या कडेला फासली. दादाजीचं लक्ष होतं सुऱ्यावर. त्याची जाडी त्यानं दोऱ्यानं मोजून घेतली, मुठीपाशी एकदा, टोकाशी एकदा.

ती गेली आणि दादाजीनं भर दहा वाजता दुकान बंद केलं! शेजारचा चहावाला विचारत राहिला, तब्येत बरी हाय ना म्हणून. ऐकतो कोण? पेटी मागे बांधून गडी सायकल हाणत घरी.

"अवो, काय झालं?" आशाबाई अंगणात धान पाखडत होती. एवढ्या लवकर नवरा घरी म्हणजे कुणीतरी मेलं असणार, असाच तिचा समज.

"म्यान बनवून राह्यलो!" दादाजी ओरडला आणि आत जाऊन माळ्यावर चढला.

माळ्यावर बापाची पेटी होती. तिच्यात बापाच्या हातच्या शेवटच्या मोटेचा तुकडा, ऐनाच्या सालीत पकवलेलं चामडं. वाळून फळीगत झालेलं, पण कुठं चीर नाही, कीड नाही. "एक दिवस कामी येईल," असं म्हणून बाप गेला होता. आशाबाईनं तो तुकडा तीनदा बाहेर फेकायला काढला होता आणि तीनदा घरात भांडण झालं होतं. आता दादाजीनं तो तिच्या नाकापुढं नाचवला. "आला का नाई कामी?"

"बाप्पा! एका म्यानासाठी एवढं?" ती म्हणाली, पण जवसाच्या तेलाची बाटली तिनंच पुढे केली.

पुढचे तीन दिवस त्या घरात दुसरा विषय नाही. चामडं भिजलं, तेल पिऊन मऊ झालं. जोड्याला फर्मा लागतो तसा दादाजीनं सागाचा सुरा तासला, दोऱ्याच्या मापानं जाड, कागदाच्या मापानं लांब. तो कमरेला खोचून गडी अंगणात झटक्यानं उपसून बघायचा, कोंबड्या ओरडत पळायच्या. आशाबाई हसून हसून बेजार. "या वयात शिकारीले निघाले आमचे बुढे!"

शनिवारी त्यानं कातडं कापलं, ओलं असतानाच फर्म्यावर दाबून बसवलं, सावलीत वाळवलं. धारेच्या बाजूला आतून जाड पट्टी घातली, म्हणजे सुऱ्यानं टाके कापायला नको. मेण लावलेला दुहेरी दोरा, गव्हाच्या दाण्याएवढा टाका. बाप असा शिवायचा. रविवारी दुपारी त्यानं काम तारेवर टांगलं आणि आशाबाईला हाक मारली. छाती ही अशी फुगलेली.

आशाबाई आली. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"त्या पोरीजवळ सुरे किती हायेत?"

"एक."

"मंग हे दोन काऊन?"

दादाजीनं तारेकडं पाहिलं. खरंच की, दोन! एक उजवं, एक डावं, एकमेकांसमोर तोंड करून टांगलेली. उभ्या जन्मात या हातांनी तळवा कापला तो जोडीनंच. एक कापायचा, कागद उलटायचा, दुसरा कापायचा. कालही हातांनी तेच केलं होतं, डोक्याला न विचारता. नादात दोन्ही शिवूनही टाकली.

"सुऱ्याले काय दोन पाय असतात?" आशाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. दादाजीनं मात्र कपाळावर हात मारला. बापाचं चामडं! अर्धं फुकट घातलं. आता बोटभरही उरलं नव्हतं. डावं म्यान त्यानं कामाच्या पेटीत तळाशी, रबराच्या तुकड्यांखाली दडपून टाकलं. गावात कळलं तर हसतील लोक.

सोमवारी पावणेसातलाच दोघं हजर. आशाबाई कधी दुकानावर यायची नाही, आज आली. जीप उभी होती. दिव्यानी धावतच आली, उजवं म्यान हातात घेतलं, वास घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं. "भाऊ, काय बनवलं हो!" दादाजीला वाटलं, वीस वर्षं वसूल.

तिनं ते पट्ट्यात ओवलं. डाव्या कमरेला. सुरा आत सरकवला, डाव्या हातानं मूठ धरली, ओढली. मूठ मागं वळलेली, मनगट पिरगळलं, सुरा अर्ध्यावर अडकला.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "मी डाव्या हाताची आहो."

जीपमधून कुणीतरी हॉर्न मारला. दादाजीला कळलं, आठ दिवस ही पोरगी पुन्हा पोतंच घेऊन फिरणार, पुन्हा एखादं पिल्लू तिच्यासमोर तडफडणार, आणि आपल्याकडं आता चामडंही नाही.

तेवढ्यात मागं खडखडाट झाला. आशाबाईनं पेटी उलटी केली होती. रबराचे तुकडे, खिळे, पॉलिशच्या डब्या, सागाचा फर्मा, सगळं रस्त्यावर. त्यातून तिनं डावं म्यान उचललं आणि पोरीच्या हातात कोंबलं. "हे घाल, बाई. लवकर!"

दिव्यानीनं उजवं काढून ठेवलं, हे घातलं. हात खाली गेला आणि सुरा बाहेर! टाकला आत, पुन्हा बाहेर! तिनं म्यान उलटं धरून गदागदा हलवलं, सुरा जागचा हलला नाही. ती लहान पोरीसारखी उडी मारून हसली. जीपमधल्यांनी शिट्ट्या मारल्या.

"भाऊ, तुमी लिहिताना पाह्यलं होतं ना, मी डावरी म्हणून? मले तं शाळेपासून सगळं उजव्या हाताचंच भेटलं. एकानंही ध्यान नाई देल्लं."

किती सोपं होतं हो म्हणणं! दादाजीनं तोंड उघडलंही. पण बापाच्या वळणाचे टाके पोरीच्या कमरेला दिसत होते, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाई वो, मॅडम. सुराच पाहून राह्यलो होतो मी, तुमाले पाह्यलंच नाई. जोडे शिवणारा हात आहे, चुकून जोडी झाली."

दिव्यानीनं वाकून त्याचा तो हात दोन्ही हातांत धरला. "चुकला म्हणून बरं झालं, भाऊ." आणि पळाली. जीप वळेपर्यंत ती सुरा काढून घालून त्यांना दाखवत होती.

दादाजी डोळे पुसत खाली बसला आणि खिळे गोळा करू लागला. उजवं म्यान पेटीवर तसंच पडलं होतं.

"हे आता टांगून ठेवतो खिळ्याले. नमुना म्हणून," तो म्हणाला.

"नमुना कायचा?" आशाबाईनं म्यान उचलून आपल्या कमरेला लावून पाहिलं. "लोहाराकडे जा अन् यात बसणारा सुरा घडवून आणा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याले मीच जातो ना जंगलात, का तुमी जाता?"

"तीनदा फेकून देत होतीस ते चामडं!"

"देत होती. आता नाई देत," ती म्हणाली आणि सागाचा फर्मा त्याच्या सायकलच्या पिशवीत टाकला, लोहाराला माप द्यायला.