फाइलमधली आजी

तुम्ही तिची फाइल वाचली नाहीत. शिक्का मारलात, सही ठोकलीत, ‘मदत बंद’ असं लाल शाईत लिहिलंत आणि जेवायला उठलात. वाचली मात्र नाहीत. आता ऐका तरी.

ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. सकाळी सहा ते दुपारी दोन. रक्तानं आणि आणखी कशाकशानं माखलेल्या चादरी मशीनमध्ये कोंबायच्या, धुऊन झाल्या की ओल्याच खांदे निखळेपर्यंत उपसायच्या, तापलेल्या रोलरखालून सरळ काढायच्या. पोरगी पोटात असतानाच नवरा घर सोडून जो गेला तो गेलाच. पोरगी आता चार वर्षांची, गोल गरगरीत, म्हणून सगळे तिला गोटी म्हणतात. सासू होती तोवर गोटी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. सासू गेली आणि दिवसा पोरीला बघायला घरात माणूस उरलं नाही. शेजारीपाजारी सगळे हातावर पोट असलेले, सकाळीच बाहेर पडणारे.

म्हणून तिनं तुमच्याकडे अर्ज केला. कष्टकरी आईच्या मुलाचा पाळणाघराचा खर्च सरकार भरतं, हे तुमच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे. घरात सांभाळणारं कुणी नाही याचा पुरावा तुम्ही मागितलात. तिनं सासूच्या मृत्यूचा दाखला जोडला. हा कागद लक्षात ठेवा.

मदत मिळाली. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. पाळणाघराच्या मावशींकडे गोटी बुटाचे बंद बांधायला शिकली आणि घरी येऊन आईलाच दटावायला लागली, ‘‘आधी हात धू, मग पापी घे!’’

मग गोटीला कांजिण्या झाल्या. मावशी म्हणाल्या, ‘‘आठ दिवस आणू नकोस गं, बाकीच्या पोरांना लागण होईल.’’ त्यांचंही चुकलं नाही.

आता धुलाईघराची एक रीत सांगतो. तिथं रजा नाही. तीन खाडे झाले की हजेरीचं कार्ड काढून घेतात, म्हणजे काम गेलं. म्हणून बायकांनी आपली सोय केली आहे. तिला त्या ‘उसना हात’ म्हणतात. एकीचं मूल आजारी पडलं की दुसरी तिच्या जागी उभी राहते आणि तिचंच कार्ड पंच करते. मुकादमाला सगळं ठाऊक असतं. चादरी वेळेवर निघाल्या की त्याचं डोकं थंड.

तिच्या जागी टकळी उभी राहिली. टकळी रात्रपाळीची; तिचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं म्हणून हे नाव. रात्रभर काम करून ती तशीच सकाळच्या पाळीला थांबायची. लागोपाठ सहा दिवस.

‘‘अगं, मरशील,’’ गोटीची आई म्हणाली.

‘‘मरते कशाला? घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे, त्याची बडबड कोण ऐकणार? तू पोरीला बघ. माझ्या वेळेला तू उभी राहा म्हणजे झालं.’’

गोटी बरी झाली. दोन महिन्यांनी तुमचं पत्र आलं, चौकशीला कचेरीत या म्हणून.

टेबलाशी तुमचे चष्मेवाले साहेब होते. त्यांच्यापुढे दोन कागद. एक पाळणाघराच्या हजेरीचा, एक तिच्या कार्डाचा.

‘‘हे सहा दिवस मूल पाळणाघरात नाही. आजारी होतं, असा शेरा आहे. बरोबर?’’

‘‘हो साहेब.’’

‘‘आणि त्याच सहा दिवसांत तुम्ही कामावर हजर. मग मूल कोणापाशी होतं?’’

माझ्यापाशी, साहेब. दोनच शब्द होते. ती रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसून होती. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कार्ड कोणी पंच केलं? टकळीचं काम जाणार, तिच्या अंथरुणावरच्या माणसाचं औषध जाणार. हिचंही काम जाणार, आणि कामच नसेल तर मदतही नाही.

‘‘बोला बाई. मूल काही स्वतःच स्वतःला औषध लावत नव्हतं.’’

‘‘सासूबाईंपाशी,’’ तिच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांचा चेहरा खुलला. ‘‘म्हणजे घरात माणूस आहे की!’’

‘‘नाही हो, त्या आता...’’

‘‘त्या आता काय?’’

त्या वारल्या म्हटलं की गाडी पुन्हा त्याच प्रश्नावर. ‘‘थकल्यात,’’ ती म्हणाली.

‘‘थकेनात का. आजारी पोर सांभाळली, धडधाकट पोर सांभाळायला काय झालं? ज्यांना खरंच कुणी नाही, त्यांच्यासाठी आहे ही मदत.’’

दाखला त्याच फाइलमध्ये होता. त्यांच्या कोपराखाली, चार पानं आत.

टकळीला कळलं तेव्हा ती आधी हसली. ‘‘भवाने, मेलेल्या म्हातारीला कामाला लावलंस? जिवंतपणी काय कमी राबवलं होतंस?’’ आणि हसता हसताच ओल्या चादरीत तोंड खुपसून रडायला लागली. ‘‘माझं नाव सांगायचंस गं. सांगून टाकायचंस.’’ पोरीला माझ्याकडे ठेव म्हणायचीही सोय नव्हती. टकळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून.

मावशींनी पंधरा दिवस तशीच ठेवून घेतली गोटीला. मग हात जोडले.

आता सकाळी साडेपाचला ती गोटीच्या उशाशी डबा ठेवते, पाण्याचं भांडं ठेवते, काडेपेटी वर फळीवर टाकते आणि बाहेरून कुलूप लावते. गोटीला पढवून ठेवलंय, दार कुणी वाजवलं तर म्हणायचं, आजी आहे घरात, झोपली आहे. तुमचा माणूस चौकशीला येईल, ही भीती. आजी नाही हे कळलं तर आई खोटारडी ठरणार, आणि पोरीला कोंडते म्हणून वर गुन्हा.

परवा दुपारी ती घरी आली. कुलूप काढलं. गोटी धावत आली नाही. पलंगावर दोन उशा आडव्या ठेवून त्यांच्यावर सासूची जुनी शाल नीट गळ्यापर्यंत पांघरली होती. शेजारी गोटी बसलेली, डबा न उघडलेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू! आजी आत्ताच झोपली.’’

‘‘जेवली का नाहीस, बाळा?’’

‘‘आजी उठली की भरवणार आहे,’’ गोटी म्हणाली. ‘‘आई, ती कधी उठते गं?’’

आई दाराशीच खाली बसली, हातात किल्ली तशीच.

फाइल तुमच्याकडे आहे. चार पानं उलटा. दाखल्यावर तुमचाच गोल शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे. तो वाचा, आणि मग गोटीला तुम्ही सांगा, तिची आजी कधी उठणार?