लाकडी बटणाची किल्ली

"ए भिंगरे, अगं मी आहे! कुलूपकाका!"

कपाटातून उत्तर आलं नाही. कुलूपकाकांनी आल्या आल्या गॅस बंद केला होता, करपलेलं दुधाचं पातेलं नळाखाली ठेवलं होतं, खिडकी उघडली होती आणि आता ते खोलीतल्या एकुलत्या एका कपाटासमोर फतकल मारून बसले होते. आत सहा वर्षांची पोर होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

काकांचं दुकान म्हणजे बसस्टॉपच्या मागे दोन माणसांनी उभं राहावं एवढी जागा. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या कापायच्या आणि किल्ली तयार होईपर्यंत गिऱ्हाइकाचं डोकं खायचं, हा त्यांचा धंदा. बाहेरून येऊन राहिलेल्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा वस्तीनं एक मंडळ काढलं आणि काकांच्या वाट्याला किल्ल्या आल्या. ज्यांच्या कागदपत्रांचा घोळ होता त्यांनी घराची जादा किल्ली काकांकडे ठेवायची. नावाची चिठ्ठी लावायची सोय नव्हती, उद्या दुकानावरच धाड आली तर? म्हणून प्रत्येकानं आपल्या कपड्याचं एक बटण किल्लीला बांधलं. माणूस उचलला गेला की मंडळाच्या वकीलबाई फोन करून नुसतं बटण सांगत. मग काकांनी जायचं, गॅस बघायचा, औषधं आणि कागद घ्यायचे, मागे कुणी राहिलंय का ते पाहायचं. एकदा पोपट मागे राहिला होता. त्यानं काकांना मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मालक सुटून त्याला घेऊन गेला तेव्हा काकाच हमसून हमसून रडले.

आज सकाळी फोन आला, "लाकडी बटण. खाली कचरा टाकायला उतरली होती, फाटकातच धरलं. पायात सपाता होत्या हो तिच्या."

लाकडी बटण म्हणजे इस्त्रीताई, भिंगरीची आई. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. काल संध्याकाळी तर ती दुकानावरून हसत गेली होती.

इस्त्रीताईनं कपाटाला आतून कडी बसवून मागितली तेव्हा काकांनी विचारलं होतं, "आतून? कपाटात राहायला जाताय की काय?" ती हसली नाही. मग काकांनी मुकाट्यानं कडी बसवली, तेल घातलं, आणि पोरीला शिकवलंही त्यांनीच. दार वाजलं की कपाटात. कडी लावायची. कुणी हाक मारली तरी गप्प. मी मारली तरी गप्प. आईनं हाक मारली तरच बाहेर. भिंगरी नावाप्रमाणेच होती, एका जागी ठरेल तर शपथ. पहिल्या खेपेला काका "खेळ संपला, खरंच ये, चॉकलेट देतो" म्हणाले आणि ती खिदळत बाहेर आली. "हरलीस!" काका ओरडले होते. त्यानंतर ती कधीच हरली नव्हती.

"भिंगरे, आज खेळ नाही बरं का. खरंच ये बाहेर."

ती का म्हणून येईल? त्या दिवशीही ते असंच म्हणाले होते.

काकांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. कडी त्यांचीच, स्क्रू त्यांचेच, काम चुटकीसरशी झालं असतं. पातं लाकडाला टेकलं आणि आतला श्वास एकदम थांबला. दार उचकटणारे कोण असतात हेही त्यांनीच तिला सांगितलं होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि वकीलबाईंना फोन लावला. "काहीही करा, पण आईचा आवाज मिळवून द्या."

बऱ्याच वेळानं फोन वाजला. "देते," वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण शेजारी त्यांचा माणूस उभा आहे."

काकांनी स्पीकर चालू करून फोन कपाटाच्या फटीशी धरला. घाईच्या भरात वकीलबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"ताई, मी घरी आलोय. गॅस बंद केलाय. पण आपली भिंगरी—"

"कोण भिंगरी?"

"अहो ताई—"

"मी एकटी राहते." आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट होता. "मला मूलबाळ नाही. घरात कुणी नाही. कुलूप लावा आणि जा."

फोन बंद झाला.

बाईला वेड लागलं की काय, असंच काकांना आधी वाटलं. मग उमगलं, आणि उमगल्यावर जास्तच धक्का बसला. पोर आहे म्हटलं असतं तर ते पोरीलाही न्यायला आले असते. आपल्या तोंडून जवळपास निघालंच होतं, तिनं ते सावरलं. पण हे सगळं कपाटातल्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्या कानांना हे कोण समजावणार?

तेल घातलेली कडी आवाज न करता सरकली.

भिंगरी बाहेर आली. फ्रॉक ओला झाला होता. काकांनी दोरीवरचा कोरडा फ्रॉक काढून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"काका, आईनं हाक नाही मारली. नुसतं बोलली. मी हरले?"

"नाही गं माझे बाई. तू कसली हरतेस!"

"आई खोटं बोलली ना?"

"हो."

"ते मलाही नेतील म्हणून?"

काकांनी मान हलवली. त्यांनी तिची शाळेची पिशवी खांद्याला लावली, कागद घेतले, दाराला कुलूप घातलं. किल्ली तिनं मागितली, त्यांनी दिली. लाकडी बटण मुठीत धरून ती जिना उतरू लागली.

खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून उभ्या होत्या. सकाळपासून हळहळत असाव्यात. भिंगरीला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अगं बाळा! तू कुठे होतीस? तुझी आई गं—"

"मला आई नाही," भिंगरी म्हणाली.

अगदी तसाच आवाज. सपाट, एकही सुरकुती नसलेला. आजींनी तोंडाला पदर लावला. भिंगरी मात्र थांबली नाही. दोन पायऱ्या खाली जाऊन तिनं मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "बरोबर बोलले ना, काका?"