स्क्रीनच पुसट झालीय

मी बोलतेय, लॅपटॉपमधून आत्ताच काढलेली जुनी स्क्रीन. दुरुस्तीवाल्याने मला भिंतीला टेकवून ठेवलंय.

सात वर्षं मी बाबांच्या टेबलावर काढली. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही. बाबा पुस्तकांची प्रूफं तपासतात. सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. एखादा निसटलेला अनुस्वार हाती लागला की म्हणायचे, "सापडलास लेका!" मला फार बरं वाटायचं. त्या पकडण्यात माझाही वाटा होताच की!

गेल्या वर्षी ते मान वाकडी करून बघायला लागले. मग एक डोळा मिटून. मग नाक माझ्या काचेला लागेपर्यंत जवळ. दोन पुस्तकांत चुका राहिल्या. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा बाबांनी सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं.

"स्क्रीनच पुसट झालीय हो."

अहो, कुठली पुसट! पण माझं ऐकतंय कोण? लेकीला ते खरं वाटलं. बिचारीने हौसेने जास्त रिझोल्यूशनची स्क्रीन मागवली. आज दुरुस्तीवाला आला, चौकट उचकटली, माझी केबल सोडवली आणि नवी बसवली.

"बघा काका, अक्षर कसं कोरल्यासारखं दिसतंय!"

बाबा समोर बसले. मान तशीच वाकडी.

"वा! लख्ख दिसतंय."

"मग वाचा ना पहिली ओळ," लेक म्हणाली.

बाबांनी घडाघडा वाचली. एक शब्द अडला नाही. महिनाभर ते एकाच पुस्तकाचं पहिलं प्रकरण तपासत होते, पाठच झालं होतं त्यांना.

पण दुरुस्तीवाल्याने उघडलं होतं त्याच पुस्तकाचं शेवटचं पान.

दुरुस्तीवाला उगाच स्क्रू गोळा करत राहिला.

"बाबा, कधीपासून?" लेकीने विचारलं.

"वर्ष होत आलं गं." बाबांनी मान खाली घातली. "तुला कळलं तर काम बंद करायला लावशील. मग मी दिवसभर करू काय?"

"कामाचं नंतर बघू. चपला घाला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

लेकीने त्यांचा हात धरला. उंबरठ्यापाशी बाबा पायाने चाचपत थांबले. इतकं कमी दिसत होतं त्यांना, आणि रोज समोर असून मलासुद्धा एवढी कल्पना नव्हती.

दुरुस्तीवाला आता मला भंगारात देईल. देऊ दे. डॉक्टर, तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही, पण त्या माणसाचे डोळे वाचवा हो. वर्षभर मी मनात घोकत होते, माझा दोष नाही, माझा दोष नाही. आज ते सगळ्यांना कळलं. खरं सांगते, मीच बिघडलेली निघाले असते तर किती बरं झालं असतं!