पंखांच्या मधला सांधा

मी एक विमान बोलतोय. आकाशातून नव्हे, संग्रामपूरच्या एका घरातल्या कपाटावरून. माझ्यात माणूस बसत नाही. जमिनीवर उभं राहून, हातातल्या पेटीच्या कांड्या हलवून मला उडवतात. मी म्हणे शर्यतीचा. शर्यत मी अजून पाहिलेली नाही.

मी सुट्या भागांत जन्मलो. घरी न्या, जोडा, उडवा! खोक्यावरच्या चित्रात मी ढगांना मागे टाकत होतो. माझे दोन पंख मात्र मधोमध बोटभर पट्टीवर पेलायचे होते, आणि कारखान्याने सगळी काटकसर नेमकी त्या पट्टीत केली होती. सरळ उडताना ती निभावून नेते. वेगात वळताना कचरते. आमच्या जातीचे बरेच जण तिथंच मोडतात.

दिनकरने मला मुंबईहून आणलं. त्याचे वडील महादेवराव, निवृत्त तलाठी. बायको वारलेली, घरात एकटेच. बापलेकांत भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. जेवला का, एसटी केव्हाची, एवढ्यावर भागायचं. जाताना दिनकर म्हणाला, पुढच्या खेपेला जोडू. ती खेप काही येईना.

शेवटी महादेवरावांनी मला स्वतःच जोडायला घेतलं. पोरगा येईल तेव्हा विमान तयार असलं, की बोलायला काहीतरी निघेल.

मग गाव मदतीला आलं. सायकलवाल्या सईदने आधी माझी चाकं चाचपली.

"भाऊसाहेब, विमान असो का छकडं, मोडते थे चाकातच."

त्याने चाकांना जाड तारा बांधल्या. कडूबा सुताराने शेपटीत सागवानी पाचर ठोकली. ठोकल्याशिवाय वस्तू पक्की होते, यावर त्याचा विश्वास नव्हता. महादेवरावांनी वार्निशचे हात दिले. ज्याला जे येत होतं, ते त्याने मजबूत केलं. मधला सांधा कोणाच्याच धंद्यात बसत नव्हता. मी देखणा झालो, आणि जड.

संक्रांतीला दिनकर आला. ज्वारी निघालेल्या वावरात त्याने मला उडवलं. महादेवराव माझ्याकडे कमी आणि पोराकडे जास्त बघत होते. मग वळण आलं. माझे पंख पुस्तकासारखे मिटले आणि मी धसकटांत आदळलो. चाकं शाबूत होती. सईदने ती सगळ्यांना फिरवून दाखवली.

"काऊन मोडलं बे?" महादेवरावांनी विचारलं.

"सांधा कच्चा होता, बाबा. मले मालूम होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"म्हटलं, संगं बसून जोडू, तवा सांगीन. तुम्ही तं जोडूनच ठेवलं."

मग दोघे वावराच्या कडेला, धुऱ्यावर बसले. दिनकर काडीने मातीत माझा सांधा काढून समजावत राहिला, आणि बाप कळलेलंसुद्धा पुन्हा पुन्हा विचारत राहिला. ऊन उतरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी, चांगली पट्टी घेऊन येतो, असं सांगून दिनकर एसटीत बसला.

तेव्हापासून मी इथे आहे. धूळ बसते, पाली येऊन जातात. कडूबा अधूनमधून सरस घेऊन येतो, एका दुपारचं काम आहे म्हणतो. महादेवराव त्याला चहा पाजतात आणि वाटेला लावतात.

"राहू दे. थे दिनकरचं काम हाय."

मला बघायला जरूर या. फक्त एक विनंती, कोणी मला जोडू नका. मी मोडलेला आहे, तोवर त्याला यायला काम आहे.