सातवी ‘ब’चा डावा हात

मेघावर मी जळत होते. ‘जरा वाईट वाटलं’ वगैरे मी म्हणणार नाही. चांगली जळत होते, आणि वर्षभर जळत होते.

मी कामिनी भंगाळे. सावद्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवते. गावातले निम्मे केळीवाले माझ्या हाताखालून गेलेत. अजून रस्त्यात मोटारसायकल थांबवून ‘बाई, ओळखलं का?’ म्हणतात. आणि ही मेघा बोरसे, दोंडाईच्याची, वय अठ्ठावीस, आमच्या शाळेत लागून दोन वर्षंही झाली नव्हती. जूनमध्ये धुळ्याला विज्ञानाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं, आणि मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी पत्र सरळ तिच्या हातात दिलं. मी समोर बसलेली असताना!

“भंगाळे मॅडम, तुम्हाला काय गरज त्याची?” सर म्हणाले. “तुम्ही तर तयारच आहात.”

तयार म्हणे! आमच्याकडे केळीचा घड तयार झाला की कापून गाडीत टाकतात. मी चहा अर्धा ठेवून उठले.

धुळ्याहून मेघा परत आली ती फुगे, नळ्या आणि चुंबकांचा खोका घेऊन. स्टाफरूममध्ये माझ्याच शेजारी बसून सांगायला लागली, “अक्का, पाचही दिवस आम्हाला कोणी काही शिकवलंच नाही. नुसते प्रश्न विचारायचे आणि वस्तू हातात द्यायचे. शोधा म्हणायचे.”

“मग चहा-नाश्ता कशाबद्दल दिला?” मी म्हटलं. ती खळखळून हसली. माझ्या टोमण्याला हसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. आणि ‘अक्का’ काय? मी काय हिची थोरली बहीण?

तिच्या वर्गात म्हणजे सातवी ‘अ’मध्ये गोंगाट सुरू झाला. पोरं जमिनीवर बसायची, पाण्यात काय काय टाकायची, भांडायची. भिंतीवर प्रश्नांचे कागद चिकटवायची. मधल्या सुट्टीत तिच्या टेबलाभोवती पोरांची दाटी, आणि माझ्याकडे यायचे ते फक्त डस्टर मागायला. मला ‘बाई’ म्हणायचे, तिला ‘मेघाताई’. शिक्षकदिनाला माझ्या टेबलावर चार गुलाब, आणि तिच्याकडे ठेवायला जागा नाही म्हणून शिपाई बादली घेऊन आला. मी बादलीतली फुलं मोजली, हेही सांगून टाकते. एकसष्ट.

मग मी एक हलकं काम केलं. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली तीन दिवस पर्समध्ये ठेवली आणि ‘सापडत नाही बोवा’ म्हणत राहिले. हिने काय करावं? पोरांकडून रिकाम्या बाटल्या आणवून व्हरांड्यात वर्ग भरवला. प्रेमराज सरांनी त्याचे फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकले. खाली सत्तर अंगठे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दिवाळीनंतर खबर आली, की आपल्या भागातून विज्ञानाचा एक सुलभक निवडायचा आहे. सुलभक म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. जळगावला जिल्ह्यातले शंभर विज्ञान शिक्षक बसणार आणि हातात माइक घेऊन आपण उभं राहायचं. निवडीसाठी शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकारी मॅडम आमच्या शाळेत येणार, चाळीस शिक्षकांसमोर पाठ बघणार. प्रेमराज सरांनी माझ्या धाकाने दोन नावं पाठवली. सातवी ‘अ’वर मेघा, सातवी ‘ब’वर मी. विषय दोघींना एकच: केळं कसं पिकतं.

तो माइक मला हवा होता. निवृत्तीला सात वर्षं राहिली होती. दोंडाईच्याची पोरगी माझ्या पुढून तो घेऊन जाणार, या विचारानेच मला जेवण जात नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तपासणीला साहेब आला की वर्गातले सगळे हात वर दिसले पाहिजेत. म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवायचं: उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. मागे बसलेल्या साहेबाला हातांचं जंगल दिसतं, आणि आपण फक्त उजव्या हाताला उठवायचं. हे मी पहिल्या वर्षीच एका जुन्या सरांकडून शिकले. सत्तावीस वर्षांत एकदाही पकडले गेले नाही. आदर्श शिक्षकाचा पुरस्कारसुद्धा मला त्या हातांवरच मिळाला, खोटं कशाला बोलू?

सातवी ‘ब’ला हे पक्कं ठाऊक होतं. शिवाय आता साहेबांना प्रश्न विचारणारी पोरं लागतात, म्हणून मी अकरा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून अकरा पोरांना वाटले. चार वेळा तालीम घेतली. कुंदनला तर ‘प्रश्न विचारताना डोकं खाजव, म्हणजे सुचल्यासारखं दिसेल’ इतकंही शिकवलं.

त्या दिवशी मी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. विस्तार अधिकारी मॅडम आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “आपापला वर्ग नको. आपला वर्ग पढवलेला असतो. अदलाबदल करा. बोरसे मॅडम, तुम्ही ‘ब’वर घ्या. भंगाळे मॅडम, तुम्ही नंतर ‘अ’वर.”

ओ माय! माझी पढवलेली पोरं, अकरा चिठ्ठ्यांसकट, मेघाच्या हवाली!

मेघाचा पाठ आधी होता. चाळीस शिक्षक मागे खुर्च्यांवर बसले, मीही बसले. तिने एक हिरवं केळं उचललं आणि विचारलं, “वखारीत केळी पिकायला घालतात, तेव्हा दार बंद का करतात? कोण सांगेल?”

एकेचाळीस हात वर. ओळखीचे हात. त्यातले सहा-सात उजवे, बाकी सगळे डावे.

तिने एका मुलीला उठवलं. डावा हात. मुलगी उभी राहिली आणि गप्प. तिने कुंदनला उठवलं. तोही डावा. त्याने डोकं खाजवलं, पण तोंडातून शब्द नाही. मॅडमचं पेन वहीवर चालायला लागलं, आणि मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते: मला आनंद झाला. पोटभर आनंद. बुड, म्हटलं. बुड आता.

तिसरी उठवली मोनाली. बारीक चणीची, वेफर्सवाल्याची मुलगी. तिचाही डावाच. ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही डाव्या हातांनाच का विचारताय? डावा म्हणजे येत नाही. भंगाळे बाई डाव्या हाताला कधीच विचारत नाहीत.”

मॅडमचं पेन थांबलं. चाळीस शिक्षकांपैकी निम्मे स्वतः हेच करत असतील, त्यांनी माना खाली घातल्या. बाकीच्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. सत्तावीस वर्षांचं नाव त्या एवढ्याशा पोरीने फळ्यासमोर पुसून टाकलं.

मेघानेही माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातात होते. नुसती गप्प राहिली असती तरी मी संपले होते. मी तिच्या जागी असते तर गप्प राहिले असते, आणि घरी जाऊन शिरा केला असता.

“मॅडम, ही भंगाळे अक्कांची पद्धत आहे,” ती विस्तार अधिकाऱ्यांना म्हणाली. “ज्याला येत नाही त्याने खाली बघत बसायचं नाही. त्यानेही हात वर करायचा, डावा. म्हणजे कोणाला येत नाही ते शिक्षकाला कळतं. वर्ग माझा नाही ना, मी विसरले.” मग ती पोरांकडे वळली. “आज डाव्या हातांपासूनच सुरुवात करू. येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही? सांगा.”

मग एक म्हणाला, दार बंद केल्यावर उष्णता होते की वास कोंडतो, ते माहीत नाही. दुसरी म्हणाली, आमचे पप्पा कच्च्या केळ्यात एक पिकलेलं ठेवतात, ते का ते माहीत नाही. मग पोरांनी जे तोंड उघडलं! माझ्या वर्गात इतकं काय काय येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिने पिशव्या वाटल्या, पोरांनी गट केले. एका पिशवीत हिरवं केळं एकटं, एकीत पिकलेल्यासोबत. रोज बघायचं, लिहायचं. माझ्या अकरा चिठ्ठ्या पोरांच्या खिशातच राहिल्या.

शेवटी मोनालीने पुन्हा डावा हात वर केला. “ताई, पिकलेल्याजवळ हिरवं ठेवलं की ते पिकतं. मग सगळ्यात पहिलं केळं कोणाजवळ बसून पिकलं?”

मेघाने स्वतःचा डावा हात वर केला. “मलाही नाही येत. शोधू.”

मी आयुष्यात कुठल्या वर्गासमोर हे वाक्य बोललेले नाही.

मग माझा पाठ. सातवी ‘अ’. मी फळ्यावर ‘केळं कसं पिकतं?’ लिहिलं, वळले, आणि पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. मी तशीच उभी राहिले. मेघाची पोरं काही थांबणारी नव्हती. एकाने गट पाडले, दुसरीने पिशव्या उचलल्या, आपसांत वाद घातले, अंदाज लिहिले, आणि मी चाळीस मिनिटं खडू हातात धरून त्यांच्यामधून नुसती फिरले. एकदा खाली पडलेलं केळं उचलून दिलं, एवढंच माझं शिकवणं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “बघा! शिक्षिका एक शब्द बोलल्या नाहीत. मुलांनीच सगळं केलं. इतकी वर्षं शिकवूनही असं गप्प राहता येणं सोपं नाही हो. आणि ती डाव्या हाताची पद्धत तर जळगावला सगळ्यांना दाखवायची. बोरसे मॅडम लहान आहेत, त्यांना पुढे संधी आहेच. सुलभक म्हणून मी भंगाळे मॅडमचं नाव देते.”

टाळ्या वाजल्या. मेघा सगळ्यात जोरात वाजवत होती. वाचवलं तिने, वर्ग तिचा, आणि माइक मला! यापेक्षा ती जिंकली असती तर मी सुखाने जळले तरी असते.

संध्याकाळी ती व्हरांड्यात फोनवर आईशी बोलत होती. “नही वं माय, मना नंबर नही लागना. पन आठे बठ्ठं चांगलं शे.” नंबर लागला नाही, पण इथे सगळं चांगलं आहे म्हणे! फोन ठेवल्यावर मी तिला गाठलं आणि विचारलं, “का वाचवलंस मला? सोडायचं होतंस. मी तर किल्लीसुद्धा लपवली होती तुझी.”

“माहीत होतं, अक्का. पर्समधून वाजायची ती,” ती म्हणाली. मग पिशवीचे बंद नीट करत बसली. “दोंडाईच्याला आमच्या सरांचीही हीच पद्धत होती. पाच वर्षं मी डावाच हात वर केला. एकदाही कोणी विचारलं नाही. आज तुमच्या वर्गात ते हात दिसले आणि राहवलं नाही. तुमच्यासाठी नाही केलं मी. त्या हातांसाठी केलं.”

मला राग आला. चांगली आहे म्हणून आला, आणि खरं बोलली म्हणून जास्त आला. रात्रभर मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि डोळ्यांपुढे हात येत होते. सत्तावीस वर्षांचे डावे हात.

जानेवारीत जळगावला प्रशिक्षण झालं. मोठा हॉल, शंभर शिक्षक, आणि माझ्या हातात माइक. तिसऱ्या रांगेत मेघा वही उघडून बसलेली. विस्तार अधिकारी मॅडमनी ओळख करून दिली: “भंगाळे मॅडमनी शोधलेली डाव्या हाताची पद्धत आता त्याच तुम्हाला दाखवतील.”

शोधलेली! शंभर माणसं टाळ्या वाजवत होती. मी टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि विचारलं, “पिकलेल्या केळ्याजवळ हिरवं ठेवलं की ते पिकतं. मग सगळ्यात पहिलं केळं कोणाजवळ बसून पिकलं? येत असेल त्यांनी उजवा हात वर करा. नसेल येत त्यांनी डावा.”

हात वर झाले. उजवे. ओळीच्या ओळी उजवे. पाचोऱ्याचे लोटन सर, पस्तीस वर्षं नोकरी झालेले, तेही शेजाऱ्याकडे बघून उजवाच वर करून बसले. सगळ्या हॉलमध्ये एकच डावा हात होता. तिसऱ्या रांगेत, मेघाचा.

आणि बघा माझा स्वभाव, तेव्हासुद्धा मी जळले. शंभर माणसांत तो हात वर करायचं बळ तिच्यात होतं, आणि मी माइक घेऊन तिच्या समोर उभी होते.

मी माइक उजव्या हातात घेतला आणि डावा हात वर केला.

“मलाही येत नाही,” मी म्हटलं. “आणि ही पद्धत मी शोधलेली नाही. येत नसलेली पोरं साहेबांपासून लपवायला मी हा हात सत्तावीस वर्षं वापरला. त्याला प्रश्न कसा विचारायचा, ते तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंना येतं. मेघा, वर ये. माइक घे.”

विस्तार अधिकारी मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोटन सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप हात बदलला.