नवसाच्या करवंट्या

गौरजानं चौथी काडी ओढली, काकडा पेटवला आणि शेगडीच्या तोंडाशी धरला. आतून पांढरा, ओलसर धूर भसाभस बाहेर आला आणि काकडा विझला.

"पेटतलो मां गो?" सत्यवानानं विचारलं.

"पेटतलो. दहा मिनटां थांबा, आजोबा."

ही दहा मिनटं तिनं तिसऱ्यांदा मागितली होती. सत्यवानानं दीपमाळेच्या सावलीकडे पाहिलं. नऊ वाजून गेले असावेत. बाराला आरती, त्याआधी देवाचा नैवेद्य आणि मग पाचशे माणसांची पानं. देवळामागच्या मांडवात तांदूळ धुऊन निथळत ठेवले होते, काळे वाटाणे भिजून टम्म फुगले होते आणि कोठीत लाकडाचं एक ढलपंही नव्हतं.

ते नव्हतं सत्यवानाच्या शब्दावर. सप्ताहाच्या समाराधनेची, गावजेवणाची, चूल चाळीस वर्षं त्यानंच पेटवली होती. गेल्या वर्षी मात्र धुरानं असा खोकला लागला की भात अर्ध्यावर असताना त्याला उचलून बाहेर बसवावं लागलं. तेव्हा त्याची नात गौरजा, रत्नागिरीला इंजिनियर झालेली, देवळामागच्या करवंट्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. सगळे नवसाचे नारळ. कोणाच्या मुलीचं लग्न जमलं होतं, कोणाची होडी वादळातून परत आली होती. खोबरं प्रसादाला जायचं आणि करवंट्या पावसात कुजून डास करायच्या.

"लाकडापरास ह्या जळण बरा," ती म्हणाली होती. "पण जाळूचा नाय, नुसता तापवूचा. वारो मोजून दिलो की धुराचोच गॅस व्हता."

सत्यवानाला त्यातलं निम्मं कळलं. पण गावाच्या बैठकीत तो उभा राहिला आणि "जबाबदारी माझी" म्हणाला. पहिला मानकरी बाबली आधीच नाखूश होता. त्या एका शब्दावर तो गप्प बसला. मग माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप आलं. वर करवंट्या भरायच्या, तळाशी जेमतेम हवेवर विस्तव धुमसत ठेवायचा, पंख्यानं गॅस ओढून घ्यायचा, गाळायचा आणि नळीतून शेगड्यांना द्यायचा. गौरजानं करवंट्या फोडून पंधरा दिवस उन्हात वाळवल्या होत्या.

आता ती गुडघ्यांवर बसून नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघत होती. कुठं बुडबुडा नव्हता. पंखा नीट फिरत होता. मांडवाभोवती माणसं जमू लागली आणि बाबली पुढे आला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतत ता ह्याच. चेडवा, तुझा शिक्षण कॉलेजात दाखव. देवाच्या दारात कित्या?"

गौरजानं मान वर केली नाही.

"माझाच कायतरी चुकला आसतला, काकानू," ती म्हणाली.

ते ऐकून सत्यवानाला कालची संध्याकाळ आठवली.

काल ती नळीच्या सांध्याचा वायसर आणायला आचऱ्याला गेली होती. तेव्हा तो एकटाच देवळाच्या विहिरीवर बसला होता. नारळ देवाचे खरे, पण करवंट्या उघड्यावर पडलेल्या. कुत्र्यांनी चाटलेल्या, कोंबड्यांनी उकरलेल्या. त्यांच्या आगीवर नैवेद्य शिजायचा? चाळीस वर्षांत त्यानं लाकूडसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय चुलीत सारलं नव्हतं. म्हणून त्यानं एकेक गोण ओतली आणि एकेक तुकडा चोळून धुतला. रात्रभर पसरून ठेवलं, सकाळी ती यायच्या आत वरवर हात फिरवला, कोरडं लागलं आणि पुन्हा गोणींत भरलं. केवढं समाधान वाटलं होतं त्याला!

गप्प राहणं सोपं होतं. यंत्र फसलं यावर विश्वास ठेवायला सगळा गाव एका पायावर तयार होता. सत्यवान खांबाला धरून उठला.

"बाबल्या, चेडवाक बोला नको. चूक माझी. सगळो माल काल मी धुतलंय."

"धुतलास? जळण?"

"देवाचा जेवण शिजूचा होता मां रे."

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. सत्यवानाला वाटलं, धरणी फाटेल तर बरं. गौरजानं त्याच्याकडे पाहिलं. रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिनं नुसते ओठ आवळले.

"मग सुक्या जळण व्हया," ती म्हणाली. "चार गोणी. आत्ताच्या आत्ता."

सुक्या करवंट्या गावात घरोघर होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या होत्या न्हाणीत. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीवरच्या माळ्यावर, वर्षभराच्या उबेनं खडखडीत वाळलेल्या. न्हाणीतलं जळण आणि देवाचा नैवेद्य! शेवटी हौसाबाईच बोलली. ती वाटाणे निवडायला आली होती.

"माझ्याकडे आसत दोन गोणी. पण न्हाणयेतली. चलतली?"

तिनं बाबलीकडे पाहिलं. बाबलीनं सत्यवानाकडे पाहिलं. गावात सोवळ्याचा एवढा कडक दुसरा माणूस नव्हता.

"आण गो हौसा," सत्यवान म्हणाला. "देव काय न्हाणा नाय?"

बाबलीच पोट धरून हसला आणि त्यानं आपल्या घरीही माणूस पिटाळला.

अर्ध्या तासात गोणी आल्या, टोपल्या आल्या. ओला माल उपसून गौरजानं पिंप नव्यानं भरलं. सत्यवान हात जोडून उभा राहिला. त्यानं देवाला गाऱ्हाणं घातलं आणि जमलेल्यांनी साथ दिली.

"बा देवा म्हाराजा, लेकरांचा काय चुकला-माकला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"...ता पोटात घाल, आणि तुझी चूल तूच पेटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धूर विरळ होत गेला, मग दिसेनासाच झाला. गौरजानं काकडा धरला. भप्प असा आवाज झाला. पण उन्हात काहीच दिसेना.

"खंय आसा?" बाबली कुजबुजला.

गौरजानं ओढणीची सावली धरली. सत्यवान वाकला. तिथं निळी आग होती. धूर नाही, ठिणगी नाही, तडतड नाही. जन्मभर त्याला आग कळायची ती डोळ्यांतून पाणी आल्यावर. आज धूर नव्हता, तरी डोळे वाहू लागले. कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी होडी, असं किती वर्षांचं मागणं त्या निळ्या आगीत होतं. त्याला वाटलं, आपण चाळीस वर्षं चूल पेटवली आणि विस्तव पाहिला तो आजच. वरच्या हंड्यातलं पाणी गुणगुणायला लागलं.

नैवेद्य बाराच्या आत गेला.

पंगती उठल्या, हंडे रिकामे झाले. समाराधनेच्या हंड्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन नातीच्या गालाला तीट लावायची, हा सत्यवानाचा नेम ती पाळण्यात असल्यापासूनचा. आज तर गावाची नजर लागावी असंच तिनं केलं होतं. त्यानं मोठा हंडा कलता केला आणि बुडावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं. पुन्हा जोरानं फिरवलं.

बोट स्वच्छ होतं.

गौरजा डोळे मिटून, गाल पुढे करून समोर उभी होती. सत्यवानानं ते स्वच्छ बोट तिच्या गालावर टेकवलं आणि थोडा वेळ तिथंच ठेवलं.

"लागली?" तिनं विचारलं.

"लागली," तो म्हणाला.