लाल बुटांचे चौकोन

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हेर्नोसांड नावाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बंदरगावात, एका फोटो स्टुडिओच्या खणात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून मला ठेवलं आहे. मोजा उबदार आहे, तक्रार काही नाही. पण मी आता फिरत नाही, आणि पडून राहिलेल्यांना स्वप्नं फार पडतात. माझ्या स्वप्नात नेहमी तीन वर्षांची एक मुलगी येते. तिच्या पायात लाल बूट असतात आणि डोक्यावर बापाची भलीमोठी टोपी.

धुळीचा कणही नसलेल्या एका पांढऱ्या खोलीत मला घडवलं. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत आणि त्यांच्यावर सरकणारा एक बारीक हात. गुन्वोरबाईंनी मला आपल्या संगणकात बसवलं. बाई फोटो काढत, आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअरही त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. त्याचा त्यांना कोण अभिमान! सगळी चित्रं माझ्यावर राहत. लग्नं, बारशी, बर्फात अडकलेल्या होड्या. चकत्या गरगरत आणि मी अर्धवट गुंगीत ती सगळी माणसं बघत असे. फार सुखाचे दिवस होते ते.

जून मात्र डोळा लागू देत नसे. शाळेचं शेवटचं वर्ष संपलं की आमच्याकडची मुलं पांढऱ्या टोप्या घालून शाळेच्या पायऱ्यांवरून धावत बाहेर येतात. खाली घरची माणसं काठीला लावलेली मोठी पाटी उंच धरून उभी असतात. पाटीवर त्या मुलाचा लहानपणचा फोटो. गर्दीत आपलं बाळरूप दिसलं की मूल तिकडे धाव घेतं. गावातल्या या पाट्या गुन्वोरबाईच करत.

अशाच एका जूनमध्ये, ऐन त्या दिवशी सकाळी आठला हेन्निंग आला. तो जहाजावर कामाला होता आणि आदल्याच दिवशी किनाऱ्याला लागला होता. त्याच्या हातातला फोटो खाऱ्या पाण्यानं डागाळला होता. नाकडोळे डागांखाली जेमतेम दिसत होते.

"बाई, बाराला माझी लेक मालिन शाळेतून बाहेर येणार. तिचा एवढाच फोटो आहे माझ्याकडे. आठ वर्षं केबिनमध्ये लावला होता."

"अहो, लोक महिनाभर आधी येतात!"

"मी तिच्या कशालाच वेळेवर पोचलो नाही हो. वाढदिवस नाही, नाताळ नाही. मी येणार असं तिला कळवलंय. आज तिनं मला शोधलं आणि मी दिसलो नाही, तर ती परत कधी शोधायची नाही."

बाई लगेच कामाला बसल्या. पाटीएवढं करायचं म्हणून चित्र प्रचंड मोठं झालं, आणि तिथंच आमचं घोडं अडलं. तेव्हा चित्र माझ्यावर ओळीनं लिहिलेलं असे, वरपासून खालपर्यंत सलग. बाईंनी गालावरचा एक डाग पुसला की सॉफ्टवेअर माझ्याकडून टोपीपासून बुटांपर्यंत सगळं चित्र मागून घेई, आणि सगळंच्या सगळं परत लिहायला लावी. एका सुईसाठी अख्खी ट्रंक उपसावी, पुन्हा भरावी, आणि दुसऱ्या सुईसाठी पुन्हा उपसावी, तसं चाललं होतं. एका डागाला एक मिनिट, आणि डाग शेकड्यांनी. धावून धावून माझ्या हाताच्या नाकी नऊ आले. हेन्निंग खुर्चीच्या टोकावर बसून होता. त्याची कॉफी तशीच गार झाली.

पावणेबाराला अर्धाच चेहरा साफ झाला होता.

"अर्ध्या तोंडाची पाटी नको," हेन्निंग म्हणाला. "कोरीच द्या. निदान काठी तरी दिसेल."

मालिन पायऱ्यांवर थांबली, चहूकडे बघितलं, आणि मैत्रिणींबरोबर मुलांच्या मिरवणुकीच्या ट्रकमध्ये चढून निघून गेली. कोऱ्या पाटीकडे कोण बघतं? बाई हे भावाला सांगताना मी ऐकलं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

भाऊ म्हणजे सिक्स्टन, शेगड्या बांधणारा गवंडी. स्टुडिओत खोली उबदार ठेवणारी टाइल्सची एक जुनी शेगडी होती, छताला टेकणारी. शरद लागला तसा तो तिच्या दुरुस्तीला आला. त्याच्या वहीत प्रत्येक टाइलचा नंबर होता.

"सगळी उतरवणार का रे?" बाईंनी विचारलं.

"एक टाइल तडकली म्हणून सगळी शेगडी पाडायला मी काय उंटावरचा शहाणा आहे? बारावी ओळ, चौथी टाइल. काढली, बदलली, झालं. बाकीच्यांची झोप कशाला मोडायची?"

बाई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काय गं ताई, भूत बघितलंस का?"

"नाही रे. माझा मूर्खपणा बघितला."

तो हिवाळाभर बाईंनी सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं. आता चित्राचे लहान लहान चौकोन झाले आणि प्रत्येकाला नंबर मिळाला. ज्या चौकोनाला हात लावायचा, तेवढाच माझ्याकडून मागायचा. जुना चौकोन शेजारी जपून ठेवायचा, म्हणजे चूक झाली तर लगेच परत बसवता येतो. आणि पूर्ण चित्र नुसतं बघायला त्याची एक छोटी प्रत वेगळी. माझा हात तोच, चकत्या त्याच. मी रतीभरही बळकट झाले नव्हते. फक्त माझ्यावर सगळं शहाणपणानं ठेवलेलं होतं. काम इतकं हलकं झालं की मला परत स्वप्नं पडू लागली.

पुढच्या जूनमध्ये, त्याच दिवशी, सकाळी आठला हेन्निंग दारात! या वेळी धाकट्या लेकीचा, यिल्वाचा फोटो, त्याच केबिनमधला, तसाच डागाळलेला.

"जहाजावर कॅलेंडर नसतं का हो?" बाई कडाडल्या.

"असतं की. पण जहाज कुठं ते वाचतं?"

साडेनऊला यिल्वाची पाटी तयार झाली. तरी हेन्निंग उठेना.

"बाई, मालिनचा तो फोटो... टाकून दिला असेल ना?"

कसा टाकीन? पुसून टाक असं मला कुणी म्हटलं नव्हतं. अर्धा साफ, अर्धा डागाळलेला तो चेहरा मी वर्षभर सांभाळला होता. बाईंनी त्याचेही चौकोन केले. अकराच्या आत तीन वर्षांची मालिन स्वच्छ चेहऱ्यानं हसू लागली.

त्या दुपारी बाईंनी दोन फोटो काढले आणि माझ्यावर ठेवले. पहिल्यात हेन्निंगच्या दोन्ही हातांत पाट्या आहेत. यिल्वा पायऱ्या उतरते आहे. आणि गर्दीच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीसाठी फुलं घेऊन आलेली मालिन मान वर करून पाटीवरच्या स्वतःच्या लाल बुटांकडे बघते आहे. तिचा एक पाय उचललेला आहे. दुसऱ्या फोटोत दोन्ही पाट्या जमिनीवर पडल्या आहेत, कारण हेन्निंगचे हात रिकामे नाहीत.

मित्रांनो, हे दोन फोटो फक्त माझ्यावर आहेत, आणि माझा हात आता थरथरतो. मला एकदा मोज्यातून काढा. एकदाच फिरवा आणि त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. मग मी खुशाल झोपेन.